बोथट नाकाभोवतीचा हायपरसॉनिक प्रवाह: असंतुलित वायूचं गणित पहिल्यांदा मांडताना

सॉल्व्हर (प्रवाहाची समीकरणं संगणकावर सोडवणारा प्रोग्रॅम) उघडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा: या गणितातून तुम्हाला नेमकी कोणती राशी हवी आहे? पृष्ठभागावरचा दाब हवा असेल तर साधं मॉडेलही बरंच काम भागवतं. उष्णता हवी असेल तर भिंतीजवळचं, म्हणजे यानाच्या पृष्ठभागाजवळचं, जाळं (गणितासाठी केलेले जागेचे छोटे तुकडे, म्हणजे पेशी) आणि भिंतीची उत्प्रेरकता (तुटलेले अणू भिंतीवर पुन्हा जुळवण्याची क्षमता) यांवर सगळा खेळ आहे. इलेक्ट्रॉनांची घनता हवी असेल तर रासायनिक अभिक्रियांचे वेग आणि कंपन तापमान (रेणूंच्या थरथरण्याचं तापमान) यांवर. नवशिक्यांचे आठवडे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच. सगळं एकदम अचूक हवं म्हणून सर्वांत अवघड मॉडेल निवडलं जातं, आणि उत्तर चुकलं की नेमकं कुठे चुकलं ते शोधता येत नाही.

सरावाला 'रॅम-सी २' हे जुनं, भरपूर तपासलं गेलेलं उदाहरण घ्या. वातावरणात वेगानं परतणाऱ्या यानाशी रेडिओ संपर्क का तुटतो हे समजून घेण्यासाठी नासाने १९६८ साली वॉलॉप्सहून हे उड्डाण केलं. आकार अगदी सरळ आहे: ०.१५२४ मीटर त्रिज्येचं गोल नाक, त्यामागे ९ अंश अर्धकोनाचा शंकू, एकूण लांबी सुमारे १.३ मीटर. नाक बेरिलियमचं होतं, त्यामुळे पृष्ठभाग जळून निघालेली वाफ प्रवाहात मिसळण्याचा गोंधळ तिथे नाही. अंगावर चार ठिकाणी रिफ्लेक्टोमीटरनी (परावर्तित रेडिओलहर मोजणाऱ्या उपकरणांनी) इलेक्ट्रॉन घनता मोजली होती. ६१ किमी उंचीच्या बिंदूसाठी मुक्तप्रवाह (यानासमोरची अजून न बिघडलेली हवा) असा धरा: तापमान २५४ केल्विन, दाब सुमारे २० पास्कल, मॅक (ध्वनिवेगाच्या पटीतला वेग) २३.९, म्हणजे वेग सुमारे ७,६४० मीटर प्रतिसेकंद. घनता साधारण ०.०००२७ किलो प्रति घनमीटर येते. वस्तुमानाने नायट्रोजन ०.७६७, ऑक्सिजन ०.२३३.

आधी हातानं गणित

ही अर्ध्या तासाची आकडेमोड टाळू नका. पुढे सॉल्व्हर काहीही दाखवेल तेव्हा हेच आकडे तुमच्या हाताशी असतील.

वायू सलग मानता येईल का, हे आधी पाहा. या घनतेला रेणूंचा मध्यमुक्तपथ (दोन टक्करींमधलं सरासरी अंतर) सुमारे ०.३ मिलिमीटर भरतो. नाकाच्या त्रिज्येनं भागलं की नुडसेन संख्या ०.००२ येते, म्हणजे सलग वायूची नेव्हिए-स्टोक्स समीकरणं चालतील. हेच यान ८१ किमीवर नेलं तर मध्यमुक्तपथ चार-साडेचार मिलिमीटर होतो आणि नुडसेन ०.०३ च्या घरात जाते. तिथे भिंतीवर घसरणीची अट (भिंतीलगतचा वायू पूर्ण थांबत नाही) लावावी लागते, किंवा 'स्पार्टा'सारख्या कण-आधारित सॉल्व्हरशी ताडून पाहावं लागतं.

मग ऊर्जा. वेगाच्या वर्गाचा अर्धा म्हणजे प्रतिकिलो सुमारे २९ मेगाज्यूल. आदर्श वायू धरला तर शॉकमागचं (नाकासमोर दाब आणि तापमान जिथे एकदम उडी घेतात त्या पातळ थरामागचं) तापमान २८ हजार केल्विनच्या वर जातं. प्रत्यक्षात यातली बरीचशी ऊर्जा रेणू तोडण्यात खर्च होते आणि शॉक लेअरचा, म्हणजे शॉक आणि नाक यांमधल्या वायूचा, आतला भाग सहा-सात हजारांच्या आसपास स्थिरावतो. शॉक नाकापासून किती दूर उभा राहील? आदर्श वायूसाठी बिलिगच्या सूत्रानं त्रिज्येच्या ०.१४ पट, म्हणजे २२ मिलिमीटर. विघटनामुळे वायू जास्त दाटतो आणि हे अंतर साधारण निम्म्यावर येतं. सुमारे १० मिलिमीटर धरा.

स्टॅग्नेशन बिंदूचा (नाकाच्या टोकावर प्रवाह थांबतो त्या जागेचा) दाब घनता गुणिले वेगाचा वर्ग याच्या जवळपास ९५ टक्के, म्हणजे १५ किलोपास्कल. तिथली उष्णता सटन-ग्रेव्ह्जच्या सूत्रानं काढा: घनता भागिले त्रिज्या याचं वर्गमूळ, गुणिले वेगाचा घन, गुणिले ०.०००१७४. उत्तर येतं सुमारे ३.३ मेगावॅट प्रति चौरस मीटर. हा आकडा पूर्ण उत्प्रेरक, थंड भिंतीचा आहे. उत्प्रेरक नसलेल्या भिंतीचं उत्तर याच्या बरंच खाली यायला हवं. ते वर आलं तर काहीतरी बिघडलं आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची तुलना. वायू शॉकपासून नाकापर्यंत साधारण १० मायक्रोसेकंदांत पोचतो. १५ किलोपास्कल आणि १० हजार केल्विनला नायट्रोजनची कंपनं सावरायला, म्हणजे नव्या तापमानाशी जुळायला, मिलिकन-व्हाइट सूत्रानुसार सुमारे ३ मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही काळ एकाच पट्टीतले आहेत. म्हणून इथे वायू ना गोठलेला (काहीच न बदलणारा) मानता येत, ना संतुलित (लगेच जुळवून घेणारा). सावरण्याचा काळ हजार पटीनं कमी असता तर संतुलित वायूचे तक्ते पुरले असते; हजार पटीनं जास्त असता तर रसायनशास्त्राची गरजच नव्हती. ही तुलना प्रत्येक नव्या उंचीला आणि वेगाला पुन्हा करा.

किती घटक, किती तापमानं

इलेक्ट्रॉन हवे आहेत, म्हणून निदान सात घटक लागतात: नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू, त्यांचे अणू, नायट्रिक ऑक्साइड, त्याचा धन आयन आणि इलेक्ट्रॉन. या वेगाला बहुतेक इलेक्ट्रॉन नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांवर आदळून जुळताना सुटतात. त्या अभिक्रियेचं वैशिष्ट्यपूर्ण तापमान फक्त ३१,९०० केल्विन आहे, तर नायट्रोजनचा रेणू तोडायला १,१३,२०० आणि ऑक्सिजनचा तोडायला सुमारे ५९,५०० लागतात. अकरा घटकांचं मॉडेल नंतर चालवा आणि फरक पाहा. फक्त दाब आणि उष्णता हवी असेल, तर या वेगाला पाच घटकांवर सुरुवात करायला हरकत नाही. इस्रोच्या २०१४ च्या 'केअर' कुपीसारख्या उपकक्षीय उड्डाणात वेग यापेक्षा कमी असतो. तिथे तर आयनांची गरज आणखी कमी.

तापमानं दोन घ्या. एक रेणूंच्या धावेचं आणि गिरकीचं. दुसरं कंपन, इलेक्ट्रॉनिक पातळ्या आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांचं. या क्षेत्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पार्कच्या मॉडेलमध्ये विघटनाचा वेग या दोन्ही तापमानांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतो. त्यामागचं कारण समजून घ्या: शॉक ओलांडल्यावर रेणूची धाव लगेच तापते, पण त्याची कंपनं अजून थंड असतात, आणि न थरथरणारा रेणू सहज तुटत नाही. एकच तापमान वापरलं तर विघटन शॉकला चिकटूनच सुरू होतं आणि शॉक खऱ्यापेक्षा नाकाच्या जवळ येतो.

उलट दिशेचा वेग संतुलन स्थिरांकानं भागून काढतात. अणू पुन्हा जुळण्याच्या अभिक्रियेत धावेचं तापमान वापरायचं; इलेक्ट्रॉनच्या धडकेनं होणाऱ्या अभिक्रियांमध्ये दुसरं. सॉल्व्हरचा डीफॉल्ट काय आहे हे मॅन्युअलमध्ये नाही, थेट कोडमध्ये पाहा.

दोन सापळे इथेच आहेत. पहिला एककांचा. पार्कचे स्थिरांक बहुतेक ठिकाणी घनसेंटिमीटर, मोल आणि सेकंद यांत छापलेले असतात. उदाहरणार्थ, नायट्रोजन रेणूनं नायट्रोजन तोडण्यासाठी पूर्वगुणक ७ गुणिले १० चा २१ वा घात आणि तापमानाचा घातांक उणे १.६. कोडला घनमीटर आणि किलोमोल हवे असतील तर द्विरेणवीय अभिक्रियेचा पूर्वगुणक हजारानं भागावा लागतो. एकाच ओळीत भागायचं राहिलं तरी सॉल्व्हर तक्रार करत नाही. फक्त ती अभिक्रिया हजारपट जोरात चालते. दुसरा सापळा मिलिकन-व्हाइट सूत्राचा: त्यात दाब ॲटमॉस्फिअरमध्ये घालायचा असतो, पास्कलमध्ये नाही.

याच सूत्राला पार्कची दुरुस्ती जोडायला विसरू नका. फार वरच्या तापमानाला मूळ सूत्र सावरण्याचा काळ अशक्य इतका कमी सांगतं. १५ किलोपास्कल आणि २० हजार केल्विनला नायट्रोजनसाठी ते सुमारे ०.४ मायक्रोसेकंद देतं. टक्करींची मर्यादा घालणारी दुरुस्ती, तिचं क्षेत्र ५० हजार केल्विनला १० चा उणे २१ वा घात चौरस मीटर धरलं तर, आणखी ०.७६ मायक्रोसेकंद मिळवते. म्हणजे काळ जवळपास तिप्पट होतो. शॉकच्या लगेच मागे, जिथे तापमान सर्वांत जास्त असतं, नेमका तिथेच हा फरक पडतो.

श्यानता (वायूचा चिकटपणा) आणि उष्णतावहन यांसाठी ब्लॉटनर, ऑयकेन आणि विल्के या तिघांची सूत्रं या थोड्याशा आयनित हवेला पुरतात. विसरणात (घटक एकमेकांत पसरण्यात) मात्र सगळ्या घटकांच्या वस्तुमान-प्रवाहांची बेरीज शून्य येते का ते पाहा. साध्या फिकच्या नियमात ती आपोआप शून्य होत नाही, दुरुस्तीचं पद लावावं लागतं.

प्रवाहाआधी बंद डबा

सॉल्व्हर कोणताही असो, 'एसयू२-निमो', 'हाय२फोम' किंवा 'आयल्मर', आधी एकाच पेशीची चाचणी करा. बंद पेशीत हवा भरा, धावेचं तापमान १० हजार केल्विन आणि कंपनाचं ३०० ठेवा, वेग शून्य. वेळेनुसार चालवत राहा. तीन गोष्टी तपासायच्या: दोन्ही तापमानं एकत्र येतात का, एकूण ऊर्जा आणि नायट्रोजन-ऑक्सिजनच्या मूलद्रव्यांचं प्रमाण शेवटच्या दशांशापर्यंत टिकतं का, आणि अंतिम मिश्रण नासाच्या 'सीईए' प्रोग्रॅमनं त्याच घनतेला आणि ऊर्जेला दिलेल्या संतुलनाशी जुळतं का. वरची एककांची चूक संतुलनात दिसणार नाही, कारण पुढचा आणि मागचा वेग दोन्ही सारखेच बिघडलेले असतात. ती दिसते सावरायला लागणाऱ्या काळात. म्हणून तापमानाचा आलेख काळाच्या लॉग अक्षावर काढा.

जाळं

उष्णतेच्या चुकांचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. भिंतीला लागून असलेल्या पहिल्या पेशीची जाडी अशी ठेवा की पेशीची रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे भिंतीची घनता गुणिले ध्वनिवेग गुणिले जाडी भागिले श्यानता, एकच्या आसपास किंवा खाली येईल. भिंत १,५०० केल्विन आणि दाब १५ किलोपास्कल धरला की ही जाडी सुमारे २ मायक्रोमीटर भरते. केसाच्या जाडीच्याही कित्येक पट कमी.

तिथून १.१ पटीनं वाढवत गेलात की ४१ पेशींत पेशीची जाडी ०.१ मिलिमीटरवर येते आणि आपण भिंतीपासून १ मिलिमीटर दूर असतो. पुढे जाडी तिथेच रोखून धरा आणि शॉकच्या पलीकडे जा. भिंतीला लंब दिशेत एकूण १४० ते १५० पेशी होतात. वाढ न रोखता तशीच चालू ठेवली तर शॉकजवळ पेशी मिलिमीटरच्या घरात जातात, शॉक पसरतो आणि कंपन तापमानाचा चढ त्यात बुडून जातो.

आता मुद्दा शॉकच्या रेषेचा. जाळ्याच्या रेषा शॉकला समांतर नसतील, तर स्टॅग्नेशन रेषेवर शॉकला मध्येच फुगवटा येतो आणि नाकाच्या टोकाला उष्णता अचानक खाली बसते किंवा उसळी मारते. याला कार्बंकल म्हणतात. पेशींमधला प्रवाह मोजण्याच्या रो यांच्या योजनेत हा आजार जास्त. त्यावर एन्ट्रॉपी दुरुस्तीचा (कृत्रिम घर्षण घालणाऱ्या उपायाचा) डोस वाढवायचा मोह होतो, पण तीच दुरुस्ती सीमास्तरात (भिंतीलगतच्या मंद थरात) शिरली की उष्णतेचा आकडा बिघडवते. एयूएसएम कुटुंबातली योजना किंवा बदललेली स्टेगर-वॉर्मिंग (रोच्याच जागी वापरायच्या दुसऱ्या योजना) वापरा, आणि खरा उपाय म्हणून जाळं शॉकला जुळवून घ्या.

क्रम असा ठेवा. पहिलं जाळं सैल. बाहेरची सीमा नाकासमोर ३० मिलिमीटरवर. त्यावर रसायनासह, प्रथम क्रमाच्या (ढोबळ पण स्थिर) अचूकतेनं शॉक स्थिर होऊ द्या. मग दाबाच्या उडीवरून शॉकची जागा शोधून बाहेरची सीमा तिच्या मागे-मागे नेऊन बसवा, शॉकपलीकडे पाच-सहा पेशी राहतील इतकी. पुन्हा चालवा, पुन्हा जुळवा. दोन-तीन फेऱ्यांत शॉक हलायचा थांबतो. शंकूच्या मागच्या भागात शॉक अंगापासून बराच लांब जातो, तिथे सीमा तशीच पसरू द्या. नाक काटेकोर बसवलं आणि मागे शॉक सीमेबाहेर गेला, असं फार होतं.

अक्ष-सममित गणितात अक्षावरच्या पहिल्या एक-दोन पेशींचं उत्तर कधी विश्वासार्ह नसतं. स्टॅग्नेशनची उष्णता अक्षापासून थोडं बाजूच्या बिंदूंवरचा आलेख अक्षापर्यंत मागे वाढवून वाचा.

चालू करताना

आदर्श वायूचं तयार उत्तर घेऊन त्यावर रसायन सुरू करू नका. २८ हजार केल्विनच्या क्षेत्रात अभिक्रिया एका पायरीत स्फोटासारख्या धावतात आणि घटकांचं प्रमाण ऋण होतं. मुक्तप्रवाहानं क्षेत्र भरा, भिंतीला लागून थोडा थर स्थिर आणि दाट ठेवा, प्रथम क्रम, सीएफएल (वेळेच्या पायरीचा आकार ठरवणारी संख्या) ०.१ पासून. रसायनाची पदं अंतर्निहित पद्धतीनंच (पुढच्या पायरीच्या मूल्यांवरून) घ्या. शॉक नाकापासून सुटून उभा राहिला की सीएफएल हळूहळू वाढवा आणि मग द्वितीय क्रमावर या.

गणित पहिल्या काही पायऱ्यांतच पडलं तर दोन जागा आधी पाहा. एक, थंड पेशी. उलट दिशेच्या वेगासाठी संतुलन स्थिरांकानं भागायचं असतं, आणि १५० केल्विनला नायट्रोजनच्या विघटनाचं घातांकी पद ई चा उणे ७५५ वा घात असतं. डबल प्रिसिजनमध्ये ते सरळ शून्य होतं आणि शून्य भागिले शून्य येतं. शंकूच्या खांद्यावर किंवा सुरुवातीच्या गोंधळात तापमान क्षणभर इतकं खाली जाऊ शकतं. उपाय सोपा: अभिक्रियांचे वेग काढताना तापमानाला सुमारे ८०० केल्विनची गुळगुळीत खालची मर्यादा लावा. प्रवाहाचं तापमान मात्र तसंच राहू द्या. दोन, कंपन ऊर्जेपासून कंपन तापमान काढणारी पुनरावृत्ती. २५४ केल्विनला नायट्रोजनचा कंपन घटक दहा लाखात दीड इतका क्षुल्लक असतो. ऊर्जेत किंचित ऋण चूक शिरली की न्यूटन पद्धत भरकटते. तिलाही खालची मर्यादा हवी.

समीकरणांतल्या उरलेल्या चुका (रेसिड्युअल) किती घसरल्या एवढ्यावर थांबू नका. स्टॅग्नेशनची उष्णता दर काही शे पायऱ्यांनी नोंदवत राहा. दाब लवकर बसतो, उष्णता खूप नंतर. दाबाचा आलेख सपाट झाला म्हणून थांबलेलं गणित उष्णतेत सहज दहा-वीस टक्के कच्चं असू शकतं. मग स्टॅग्नेशन रेषेवर (नाकाच्या टोकासमोरच्या अक्षावर) एकूण एन्थाल्पी (वायूची उष्णता आणि गती मिळून ऊर्जा) पाहा. मुक्तप्रवाहापासून सीमास्तराच्या काठापर्यंत ती एखाद्या टक्क्याच्या आत एकसारखी राहिली पाहिजे. ती ढळली, तर कुठलंतरी ऊर्जेचं पद दोनदा मोजलं गेलं आहे किंवा सुटलं आहे. तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर उत्तर काढल्याशिवाय उष्णतेचा आकडा कुणाला देऊ नका.

भिंत

तापमान १,५०० केल्विन धरून दोन गणितं करा: भिंत उत्प्रेरक नाही, आणि भिंत पूर्ण उत्प्रेरक आहे. अणू भिंतीवर येऊन जुळले तर तुटताना घेतलेली ऊर्जा भिंतीतच सोडतात. या फरकाचा पुरावा प्रत्यक्ष उड्डाणातला आहे. १९८१ च्या दुसऱ्या शटल मोहिमेपासून 'कोलंबिया'च्या काही फरशांवर जास्त उत्प्रेरक लेप दिला होता, आणि त्या शेजारच्या फरशांपेक्षा जास्त तापल्या. प्रवाह तोच, हवा तीच, फरक फक्त लेपाचा. म्हणून उष्णतेचा एकच आकडा न देता या दोन टोकांमधला पट्टा द्या.

उत्तर वाचताना

स्टॅग्नेशन रेषेचा आलेख काढा आणि बाहेरून आत वाचा. धावेचं तापमान शॉकमध्ये २० हजार केल्विनच्या आसपास उसळतं. कंपन तापमान मागून चढतं, दहा हजारांच्या आसपास दोघं भेटतात. मग एक उतरता सपाट भाग, आणि शेवटच्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरमध्ये भिंतीकडे तीव्र घसरण. ऑक्सिजन शॉकजवळच जवळपास संपलेला असतो. नायट्रोजनचं विघटन अपुरं राहतं. नायट्रिक ऑक्साइडचं शिखर शॉकच्या लगेच मागे दिसतं. दोन्ही तापमानं शॉकमध्ये एकत्रच चढताना दिसली, तर सावरण्याच्या काळात दाबाचं एकक चुकलेलं आहे, हा पहिला संशय घ्या.

इलेक्ट्रॉन घनता प्रत्येक ठिकाणी भिंतीला लंब रेषेवरची कमाल काढून लॉग अक्षावर मांडा. शंकूवर ती प्रति घनमीटर १० चा १९ वा घात या पट्टीत अपेक्षित आहे. या घनतेला प्लाझ्मा वारंवारता सुमारे २८ गिगाहर्ट्झ होते, आणि त्याखालची लहर आत शिरत नाही. संपर्क तुटतो तो यामुळेच. मोजमापाशी दुपटीच्या आत जुळलं तर उत्तम समजा. दहापटीचा फरक असेल तर आयनीभवनाचा वेग आणि त्यात कोणतं तापमान वापरलंय ते तपासा.

पण इलेक्ट्रॉन जुळले म्हणून उष्णता बरोबर आली असं समजू नका. भिंतीपासून मिलिमीटरांवरचा इलेक्ट्रॉनांचा थर आणि २ मायक्रोमीटरच्या पेशीतला तापमानाचा उतार या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. शॉकच्या अंतराची परीक्षा घ्यायची तर लॉबनं मोजलेला बॅलिस्टिक रेंजमधला गोळा घ्या: त्रिज्या ६.३५ मिलिमीटर, मॅक १५.३, तापमान २९३ केल्विन, दाब ६६४ पास्कल. इथे गोळा उडतो आणि हवा स्थिर असते, म्हणून समोरची हवा संतुलित आहे याची खात्री असते. शॉक टनेलमध्ये, म्हणजे नॉझलमधून क्षणभर वेगवान हवा सोडणाऱ्या प्रयोगनळीत, तसं नसतं. नॉझलमधून वेगानं पसरताना कंपनं आणि काही अणू गोठून येतात, आणि मुक्तप्रवाहाचं कंपन तापमान धावेच्या तापमानापेक्षा बरंच जास्त असू शकतं. टनेलच्या प्रयोगाशी तुलना करताना नॉझलचं गणित आधी करा आणि त्याच्या तोंडाशी मिळालेलं मिश्रण व दोन्ही तापमानं इनपुट म्हणून द्या. दोन्ही तापमानं सारखी धरून केलेली तुलना शॉकच्या अंतरात चुकते, आणि दोष नाहक अभिक्रियांच्या वेगांवर येतो.

६१ किमीचं उत्तर हाती आलं की तेच जाळं घेऊन ७१ किमीवर जा. तापमान सुमारे २१६ केल्विन, मॅक २५.९, दाब ५ पास्कलच्या थोडा खाली. कंपनं तिथे आणखी मागे पडतात, शॉक जाड होतो, आणि जाळं पुन्हा जुळवावं लागतं.